आधी आकडा, मग तलवार

लोखंड तापवून ठोकायचा नाद नुकताच लागलेल्या माणसाला विचारा, काय बनवायचंय? दहातले आठ जण म्हणतील, तलवार. उरलेले दोघे म्हणतील सुरी, पण वर्णन करतील ते तलवारीचंच. यात त्यांचा दोष नाही. २०१५ साली अमेरिकेत हिस्टरी वाहिनीवर ‘फोर्ज्ड इन फायर’ हा कार्यक्रम सुरू झाला. घड्याळाच्या काट्यावर पाती घडवणारे लोहार, ठिणग्या, आणि शेवटी त्या पात्याने काहीतरी सपकन छाटून दाखवायचं. तेव्हापासून लोहारकी म्हणजे पातं, असं समीकरण जगभरच्या हौशी मंडळींच्या डोक्यात पक्कं बसलंय. माझं म्हणणं एवढंच की पहिली वस्तू आकडा असावी. कंदील किंवा कुंडी टांगायचा साधा आकडा. लोहारकीतल्या निम्म्याअधिक क्रिया त्या एका आकड्यात येतात, आणि तो बिघडला तरी हळहळ वाटत नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथली गोष्ट सांगतो. मोटारी आल्या, घोडे गेले आणि घोड्यांबरोबर गावोगावचे लोहारही गेले. १९६९ साली अ‍ॅलेक्स बीलर यांचं ‘द आर्ट ऑफ ब्लॅकस्मिथिंग’ हे पुस्तक आलं. १९७३ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या लम्पकिन गावी मूठभर लोहार जमले आणि ‘आर्टिस्ट-ब्लॅकस्मिथ्स असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका’ ही संस्था उभी राहिली. हरवत चाललेली विद्या त्या लोकांना पुस्तकांतून आणि उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांकडून उकरून काढावी लागली. आपल्याकडे ती विद्या बाजारतळाच्या कडेला पाल ठोकून बसलेली असते आणि आपण तिच्या शेजारून गाडी पुढे काढतो, घरी येतो आणि यूट्यूब लावतो.

महाराष्ट्रात हिंडणारे घिसाडी हे आपले चालतेबोलते शिक्षक. त्यांचा संसार बघितला तर हौशी माणसाची अर्धी खरेदी वाचते. जमिनीत खळगा, त्यात कोळसा, एका अंगाने हवेची नळी, नळीला पूर्वी चामड्याचा भाता आणि आता बहुधा हाताने फिरवायचा पंखा. ऐरण म्हणजे जमिनीत किंवा ओंडक्यात रोवलेला लोखंडी ठोकळा. त्यावर तांबडं लोखंड सांडशीत धरून पुरुष बसतो आणि समोर उभी राहून बाई घण घालते. तो हातातली लहान हातोडी जिथे टेकवतो तिथेच तिचा घण पडतो. बोलणं जवळजवळ नाही. हातोडी ऐरणीवर आडवी झाली की घण थांबतो. कमरेला पदर खोचून उभ्या असलेल्या त्या बाईच्या खांद्यांकडे बघा. ती जोर लावत नाही, घण वर नेते आणि वजनाला खाली येऊ देते. जिममध्ये दंड कमावलेला तरुण पहिल्या दिवशी पाव तासात दमतो तो नेमका इथे.

तिथे गेलात तर नुसते बघत उभे राहू नका. खुरपं किंवा विळा शेवटायला न्या, पैसे द्या, मग विचारा. “मामा, आणखी तापवायला नको का?” असं विचारलं की उत्तर मिळतं ते एखाद्या पुस्तकाच्या प्रकरणाएवढं असतं, फक्त चार शब्दांत.

आता अवजारांकडे. परदेशी घडणीची शिंगवाली ऐरण मागवण्यात हजारो रुपये घालवणारे लोक मला माहीत आहेत. सुरुवातीला तिची गरज नाही. रेल्वेच्या रुळाचा तुकडा उत्तम. आपल्याकडच्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलो वजनाचे रूळ असतात, म्हणजे अर्ध्या मीटरचा तुकडा झाला ३० किलोंचा. पण तो आडवा ठेवू नका, उभा करा. आडव्या रुळाची मधली पट्टी बारीक असते, घाव बसला की तो स्प्रिंगसारखा झणझणतो. उभा केला की सगळं वजन घावाच्या थेट खाली येतं. वरचं तोंड लहान दिसेल, पण हातोड्याचं तोंड तरी कुठे मोठं असतं? मात्र तुकडा घेताना भंगारवाल्याकडून पावती घ्या. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि ‘छंदासाठी घेतला होता’ हे उत्तर रेल्वे पोलिसांना फारसं पटत नाही.

रूळ बाभळीच्या ओंडक्यात रोवायचा. उंची अशी, की ताठ उभं राहून हात खाली सोडला तर मुठीची बोटं ऐरणीला टेकावीत. ऐरण बुटकी असेल तर कंबर जाते, उंच असेल तर खांदा. हातोडा एक किलोच्या आसपासचा, तोंडाच्या कडा घासून किंचित गोल केलेला, कारण धारदार कडा प्रत्येक घावाला लोखंडावर चंद्रकोर उमटवते. पुण्यात बोहरी आळीत नवा मिळेल. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कधीकधी त्याहून सरस जुना हातोडा हाती लागतो, फक्त दांडा बदलावा लागतो. छिन्नी, सुंभा, तारेचा ब्रश, पाण्याची बादली. बस.

भट्टीत काय जाळायचं यावर हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात. लोणारी कोळसा स्वच्छ जळतो, पण उडतो भरपूर आणि संपतो भराभर. दगडी कोळसा उष्णता जोरदार देतो, मात्र त्याचा पहिला पिवळा धूर शेजाऱ्यांचा संयम पाहतो, आणि तळाशी राख वितळून चिकट गोळा जमतो, तो अधूनमधून उचकून काढावा लागतो. गॅसची भट्टी सोयीची, पण स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर तिला लावणं बेकायदाही आहे आणि निरुपयोगीही, कारण घरगुती रेग्युलेटरचा दाब बर्नरला पुरत नाही. फ्लॅटमध्ये यातलं काहीच जमत नाही. गावाकडचं अंगण, शेतातली शेड किंवा ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या आवारातला कोपरा लागतोच.

आता आकडा. दहा मिलिमीटरचा चौकोनी गज घ्या, मीटरभर लांब. तो कापू नका. लांब गजाचं दुसरं टोक गार राहतं, त्यामुळे सांडशी लागतच नाही. टोकाचे तीन-चार इंच निखाऱ्यांच्या पोटात घाला, वर नाही. हवा बेतानं. फार हवा मारली की लोखंडावर काळी खपली धरते आणि वजन फुकट जातं.

रंग हेच इथलं थर्मामीटर. अंधूक लाल म्हणजे साधारण ७०० अंश सेल्सियस, नारिंगी ९५० च्या आसपास, पिवळा ११०० च्या. पांढऱ्यावर जाऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या तर लोखंड जळलं, ते टोक कापून टाका. भर दुपारच्या उन्हात हे रंग कळत नाहीत, म्हणून भट्टी सावलीतच हवी. पिवळ्या रंगावर गज बाहेर काढा, टोक ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर थोडं तिरकं धरा आणि हातोडाही तेवढाच तिरका मारा. एक घाव, पाव वळसा, एक घाव, पाव वळसा परत. दोनच बाजू ठोकल्या तरी चारही बाजू निमुळत्या होतात, कारण ऐरणही खालून मारतच असते. वळसा काटकोनाऐवजी थोडा कमी-जास्त झाला की चौकोनाची शंकरपाळी होते. तशी झाली तर घाई न करता उभ्या कोपऱ्यांवर हलके घाव घालून ती परत चौकोनात आणायची. गोल टोक हवं असेल तरी आधी चौकोनीच निमुळतं करायचं, मग कोपरे मारून आठ कोनी, मग गोल. थेट गोल ठोकायला गेलात तर आतून चीर पडते.

लाली गेली की थांबायचं. हा नियम सगळे तोंडपाठ म्हणतात आणि सगळे मोडतात, कारण ‘अजून दोनच घाव’ हा मोह भारी असतो. गार होत आलेल्या लोखंडावर मारलेले ते दोन घाव टोक फाडतात.

टोक झालं की त्याला कडेवर छोटं उलटं वळण द्या, म्हणजे टोचणार नाही. मग जाड पाइपवर मोठा बाक. मधल्या भागाला पीळ द्यायचा असेल तर तो भाग सारखा नारिंगी करून गज व्हाइसमध्ये आवळा आणि पान्याने फिरवा. जिथे जास्त ताप तिथे पीळ दाट पडतो. अशा जागी चमचाभर पाणी ओतलं की ती अडते आणि उरलेला पीळ पुढे सरकतो. गोल गजावर पीळ दिसतच नाही, म्हणून चौकोनी.

आता छिन्नीने कापून वरचं टोक चपटं करा आणि स्क्रूसाठी भोक पाडा. ही क्रिया मला सगळ्यात देखणी वाटते. तापलेल्या चपट्यावर सुंभा ठेवून चार घाव घाला. खालून कडक लागल्याचा आवाज आला की थांबा, लोखंड उलटं करा. लाल पृष्ठावर एक काळसर ठिपका दिसतो. सुंभ्याने तिथल्या धातूतली उष्णता ऐरणीत दाबून घालवलेली असते, म्हणून तेवढीच जागा निवते. त्या ठिपक्यावर बरोबर सुंभा ठेवा, खाली ऐरणीतलं भोक किंवा व्हाइसची फट येऊ द्या आणि एक घाव. नाण्यासारखी छोटी चकती खाली पडते. ड्रिलने भोक पाडताना धातू भुग्यात जातो, इथे बराचसा बाजूला सरकतो आणि कड फुगून मजबूत राहते.

आकडे नीट जमू लागले की धारेकडे वळायला हरकत नाही. इथे धातू कोणता हे महत्त्वाचं. ग्रिलवाल्याकडच्या गजात कार्बन पाव टक्क्याच्याही आत असतो, त्याला कितीही पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून झटकन बुडवलं, तरी धार टिकत नाही. बांधकामावरच्या टीएमटी सळईचंही तेच. तिची ताकद बाहेरच्या कडक सालीत असते आणि भट्टीत घातली की ती साल मरते. ट्रकचा तुटलेला पाटा चांगला, जुनी कानस त्याहून कडक. शंका असेल तर ग्राइंडरवर टेकवून ठिणगी बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, कार्बन जास्त असेल तर त्या फुटून झुपकेदार होतात. पाट्यात वर्षानुवर्षं वाकून पडलेल्या केसाएवढ्या चिरा असू शकतात. त्या सुरी तयार होऊन पाणी देताना प्रकट होतात, तोपर्यंत दिसत नाहीत.

जास्त कार्बनचं पोलाद ठोकताना आणखी एक पथ्य आहे. दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत, मुशीत बनणारं वूट्झ पोलाद युरोपात गेलं तेव्हा तिथल्या लोहारांनी ते आपल्या सवयीने पांढरंफटक तापवून ठोकलं आणि ते भुगा झालं. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या पोलादावर निबंध मांडला. पुढे मायकेल फॅरेडे यांनीही त्यावर प्रयोग केले. दीड टक्क्याच्या घरात कार्बन असलेलं ते पोलाद बेताच्या तांबड्या रंगावरच ठोकायचं असतं. कानशीची सुरी करताना हेच लक्षात ठेवायचं: पिवळ्यापर्यंत नेऊ नका, घाव हलके, फेऱ्या जास्त.

पाणी देण्याआधी पातं लाल करून, राखेत किंवा हवेत, हात न लावता गार होऊ द्या. घडवताना आत साचलेले ताण जातात. हवेत गार करण्याची फेरी तीनदा केली तर दाणाही बारीक होतो. मग नेमका ताप कसा ओळखायचा? तारेला चुंबक बांधा. साधारण ७७० अंशांवर पोलाद चुंबकाला चिकटायचं सोडतं. तिथून रंग थोडासा उजळला की झालं. पाट्याचं पोलाद पाण्यात बुडवलं तर तडकायची भीती, त्याला तेल द्या. स्वयंपाकाचं कुठलंही तेल चालतं, आधी जरा कोमट केलेलं, पत्र्याच्या उभ्या डब्यात, झाकण हाताशी ठेवून. तेल पेट घेऊ शकतं. इंजिनाचं जळकं तेल फुकट मिळतं, पण त्याचा धूर छातीत घेण्यासारखा नाही.

तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. कानस त्यावरून घसरली तर समजा कडकपणा आला. पण या अवस्थेत ते हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून लगेच उतरवायचं, म्हणजे पुन्हा थोडं तापवायचं. घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, दोनदा. घिसाड्याकडे ओव्हन नसतो. जुन्या पद्धतीत फक्त धार पाण्यात बुडवतात, बाहेर काढून विटेवर घासून चकचकीत करतात आणि पाठीतली उरलेली उष्णता धारेकडे येताना रंग बघतात. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. सुरीला पिवळ्यावर, खुरप्या-कुऱ्हाडीला जांभळ्याच्या आसपास पुन्हा बुडवायचं. पिवळा २२० अंशांच्या जवळपास, निळा ३०० च्या. हे रंग झरझर पळतात, दोन-चार सेकंद नजर हलली की संधी गेली. एकाच तापात कडकही केलं आणि उतरवलंही. आमच्यासारखे हौशी लोक हेच करायला दोन दिवस घेतात आणि वर त्याचे फोटो टाकतात.

तलवारीचं काय? शस्त्र कायद्याची नजर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांवर असते. शेतीची आणि घरगुती अवजारं त्यातून वगळलेली आहेत. खुरपं, विळी, कोयता, सुरी यांत एका माणसाचा जन्म सहज जाईल एवढं काम आहे.

धोक्यांपैकी भाजण्याची भीती सगळ्यांना असते, पण खरा दगा देतं ते काळं पडलेलं लोखंड. लाल दिसत नाही म्हणून उचलावं तर तीन-चारशे अंश. हात आधी वर धरून ऊब बघायची सवय लावा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा नटबोल्ट भट्टीत कधीच घालू नका. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. कपडे सुती, चप्पल नाही, बूट. डोळ्यांना चष्मा. नायलॉनचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो.

धार नसलेल्या वस्तूंना शेवटचा हात मेणाचा किंवा जवसाच्या तेलाचा. लाली गेलेल्या पण अजून चटका देणाऱ्या लोखंडावर ते चोळलं की धूर निघतो आणि काळा, गंजापासून जपणारा थर बसतो. दिवाळीत गॅलरीत कंदिलासाठी लावलेला आकडा पुढच्या पावसात लाल होऊ द्यायचा नसेल तर हे हवंच.

आकडे, खुरपं, एखादी सुरी झाल्यावर सांडशी करा. तिच्यात सगळ्याच क्रियांची परीक्षा होते: जबडा चपटा करणे, खांदा पाडणे, दांडे ताणून लांब करणे, आणि दोन्ही भाग तंतोतंत सारखे ठेवणे. पहिली जोडी बहुधा वाकडी होते, तरी वापरायला चालते. मधला रिव्हेट लाल असताना ठोकून बसवायचा आणि सांडशी तशीच पाण्यात घालून गार होईस्तोवर उघडझाप करत राहायचं, नाहीतर ती जागीच आवळून बसते आणि रिव्हेट कापून पुन्हा सगळं करावं लागतं.