हौशी वादकाच्या प्रतीक्षेत सनई

पाश्चात्त्य वाद्यवृंदात मैफल सुरू होण्यापूर्वी ज्या एका वाद्याच्या स्वराशी बाकीची सारी वाद्ये आपला स्वर जुळवून घेतात ते ओबो, आणि मालवण किनाऱ्यावरच्या गावांत पालखीपुढे वाजणारी सनई, ही दोन्ही वाद्ये एकाच कुळातील आहेत. वाद्यशास्त्रात फुंकीच्या वाद्यांना सुषिर वाद्ये म्हणतात. त्यांपैकी ज्यांच्या तोंडाशी वेताच्या किंवा बोरूसारख्या गवताच्या दोन पातळ पत्त्या एकमेकींवर बांधलेल्या असतात आणि ओठांच्या दाबाखाली त्या थरथरून नाद निर्माण होतो, ती दुपत्तीची वाद्ये होत. ओबो हे या वर्गातील युरोपचे सर्वाधिक संस्कारित वाद्य, तर सनई हे भारतातील सर्वाधिक परिचित वाद्य. असे असूनही युरोप-अमेरिकेत ओबोला व्यावसायिक वादकांबरोबर हौशी वादकांचा मोठा वर्ग लाभला; सिंधुदुर्गात मात्र, जिथे गावागावांत हौशी संगीत नांदते, तिथे सनईला असा वर्ग लाभला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच विरोधाभास आहे.

या दोन्ही वाद्यांचे सामर्थ्य त्यांच्या नळीच्या आकारात आहे. बासरीची नळी वरपासून खालपर्यंत साधारण सारख्या रुंदीची असते. ओबो आणि सनई यांच्या नळीचा पोकळ भाग मात्र तोंडाकडे अगदी अरुंद असून खाली रुंदावत जातो, म्हणजे तो शंकूच्या आकाराचा असतो. दुपत्तीने कंपित झालेली हवा अशा नळीतून जाताना मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वरही मोठ्या प्रमाणात उमटतात आणि त्यामुळे नादाला ती धार येते, जिच्या बळावर एकटी सनई ढोल-ताशांच्या गजरातही वेगळी ऐकू येते. ओबो सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीचा असतो, बहुधा आफ्रिकेतील काळ्या, जड लाकडाचा बनवतात आणि त्याच्या अंगावर धातूच्या कळांचे गुंतागुंतीचे जाळे असते. ही कळांची रचना एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या त्रिएबेर कुटुंबाच्या कारखान्यात आकाराला आली. सनईला कळ नाही. बोटांचे पेर छिद्रावरून किंचित सरकवून आणि पत्तीवरचा ओठांचा दाब बदलून तिचा वादक दोन स्वरांमधली सारी वाट चालून दाखवतो. मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात न तुटता जाणे, सनईला सहज साधते ते यामुळेच. ओबोच्या कळांनी स्वर पक्के केले, पण ही वाट बरीचशी बंद केली.

या कुळाचा इतिहास पश्चिम आशियाच्या सुर्ना या वाद्यापर्यंत नेऊन पोहोचवण्याची रीत आहे, आणि ती बऱ्याच अंशी योग्यही आहे. अकबराच्या नगारखान्यातील वाद्यांची यादी देताना अबुल फजलने आईन-ए-अकबरीत इराणी आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही प्रकारच्या सुर्नांचा उल्लेख केला आहे. मात्र त्याच्याही तीन शतके आधी, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात मधुकरी नावाच्या सुषिर वाद्याचे वर्णन केले असून काही अभ्यासक तिला सनईची पूर्वज मानतात. त्यामुळे सनई बाहेरून आली की इथेच घडली, हा वाद एका वाक्यात मिटण्यासारखा नाही. युरोपात याच कुळातील शॉम हे वाद्य मध्ययुगात मिरवणुकांत वाजत असे. पोर्तुगीज त्याला शारामेला म्हणत आणि सोळाव्या शतकात गोव्यातील त्यांच्या मिरवणुकांतही ते वाजत होते. म्हणजे तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यात, ओबोची आजी आणि अलीकडे, सिंधुदुर्गात, सनई अशी दोन भावंडांची घरे एकाच किनाऱ्यावर काही काळ शेजारी होती. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यास चौदाव्या लुईच्या दरबारातील वादक-कारागिरांनी त्या रांगड्या शॉमचा आवाज दिवाणखान्याला साजेल इतका मवाळ केला आणि ओबो जन्माला आला. सनई देवळाच्या दारातच राहिली.

ओबो हे हौशी माणसासाठी सोपे वाद्य आहे असे कोणीही म्हणणार नाही. पत्तीच्या फटीतून फारच थोडी हवा आत जाते, त्यामुळे बासरीवादकाला श्वास कमी पडतो तसे इथे होत नाही, उलट वापरून शिळी झालेली हवा छातीत साठून राहते आणि नवा श्वास घेण्याआधी ती बाहेर टाकावी लागते. पत्ती ही तर कायमची चिंता. भूमध्य सागराकाठी वाढणाऱ्या वेताचे तुकडे चिरून, तासून, दोऱ्याने धातूच्या लहान नळीवर बांधून ती तयार करावी लागते. हवेतील दमटपणा बदलला की तिचा स्वभाव बदलतो, आणि नीट वाजू लागलेली पत्ती फार दिवस टिकत नाही. तरीही नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी ओबो वाजवणारी, सुटीत एकत्र जमून पत्त्या तासणारी, एकमेकांना रचना सुचवणारी माणसे पाश्चात्त्य देशांत सर्वत्र आढळतात. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय दुपत्ती-वाद्य संस्थेचे दरवाजेही व्यावसायिकांइतकेच हौशींना खुले आहेत. त्यांच्या हाती संपन्न भांडार आहे: मोझार्टने १७८१ मध्ये ओबो आणि तीन तंतुवाद्ये यांच्यासाठी लिहिलेली चौकडी आहे, शूमानचे १८४९ मधील तीन रोमान्स आहेत, आणि बेंजामिन ब्रिटनने १९५१ मध्ये कोणत्याही साथीविना एकट्या ओबोसाठी लिहिलेल्या सहा लघुरचना आहेत, ज्या प्रथम ऑल्डबरो महोत्सवात तलावाच्या पाण्यावर, होडीतून वाजवल्या गेल्या. रिचर्ड श्ट्राउसने ओबोसाठी कॉन्सर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची दीर्घ रचना, १९४५ मध्ये लिहिला तो जर्मनीत आलेल्या एका अमेरिकन सैनिकाने विषय काढल्यानंतर. तो सैनिक, जॉन डी लान्सी, स्वतः ओबोवादक होता. वाद्याविषयीची आस्था एकाने दुसऱ्याला लावावी आणि त्यातून रचना निर्माण व्हावी, याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

सिंधुदुर्गातील सनईचा संसार याहून सर्वस्वी वेगळ्या पायावर उभा राहिला. या भागातील गावे गावऱ्हाटीने बांधलेली आहेत. गावऱ्हाटी म्हणजे ग्रामदेवता, तिचे मानकरी, पुजारी, सेवेकरी आणि रयत यांच्या हक्क-कर्तव्यांची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घडी. दसऱ्याला साड्या नेसवलेले तरंग, म्हणजे देवतांची चिन्हे असलेल्या उंच काठ्या, बाहेर निघतात, शिमग्याला आणि वार्षिक जत्रेला पालखी देवळाभोवती फिरते, तेव्हा कोणी काय वाहायचे, कोणी काय वाजवायचे हे ठरलेले असते. वादनाची सेवा ठरावीक घराण्यांकडे असे आणि त्या बदल्यात जमिनीचा तुकडा किंवा धान्याचा वाटा मिळत असे. कोकणात आणि घाटावर सनई वाजवणारा घडशी समाज आपली उत्पत्ती थेट रामायणाशी जोडतो. ब्रिटिशकालीन गॅझेटियरात नोंदलेल्या दंतकथेनुसार सीतेशी विवाहाच्या वेळी वाजंत्री नव्हते म्हणून रामाने चंदनाच्या तीन बाहुल्यांत प्राण घातला आणि एकाला संबळ, दुसऱ्याला सूर, तिसऱ्याला सनई दिली. या कथेत सुराचा स्वतंत्र उल्लेख आहे, तो लक्षात घेण्याजोगा आहे. सूर म्हणजे सनईसारखेच पण एकच आधारस्वर अखंड धरणारे वाद्य, ज्याला गोव्यात सुर्त म्हणतात. ते वाजवणाऱ्याला गालात हवा साठवून ठेवत नाकाने श्वास घ्यावा लागतो, आणि त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

दुसऱ्या बाजूला याच जिल्ह्यात हौशी संगीताची अशी रेलचेल आहे की तिच्यासाठी महाराष्ट्रात दुसरे उदाहरण शोधावे लागेल. वाडीवाडीत भजनी मंडळ असते. गणपतीत चाकरमानी मुंबईहून आले की रात्ररात्र घरोघर भजने होतात, आणि डबलबारी, म्हणजे दोन बुवांनी समोरासमोर बसून रंगवलेला भजनाचा सामना, ऐकायला दूरदूरच्या गावांतून माणसे जमतात. दिवसा शाळेत शिकवणारा, रिक्षा चालवणारा किंवा बागायत करणारा माणूस रात्री पेटीवर बसतो, त्याचा शेजारी पखवाज घेतो, आणि या हौशीला वयाचे वा जातीचे फारसे बंधन उरलेले नाही. पेटी, म्हणजे हार्मोनियम, हे तसे परके वाद्य. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती, कारण तिचे ठोकळेबाज स्वर भारतीय संगीताला मानवत नाहीत असा आक्षेप होता. पंडितांनी नाकारलेली ती पेटी कोकणात घरची झाली आणि इथल्याच देवळात शतकानुशतके वाजलेली सनई मात्र हौशी माणसाच्या हातात गेली नाही.

याची कारणे तीन दिसतात, आणि त्यांतले पहिले सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. वाजंत्रीपण हे जातीशी आणि सेवेशी बांधलेले होते. लग्नात सनईवाल्याला मांडवाच्या कडेला बसवायचे, आधी वाजवून घ्यायचे आणि नंतर जेवू घालायचे, ही जुन्या गावाची वागणूक होती. तोंडाला लावलेले वाद्य उष्टे, या कल्पनेने त्यात भर घातली. ज्या कलेशी कमीपणा चिकटवला जातो ती दुसऱ्यांनी हौसेने शिकावी असे वातावरण तयार होत नाही, आणि जी घराणी ती वाजवत होती त्यांच्या मुलांना शिक्षण व नोकरी मिळताच त्यांनी त्या कमीपणातून बाहेर पडणे पसंत केले तर त्यांना दोष देता येत नाही. दुसरे कारण वाद्याच्या स्वभावातले आहे. पेटीची पट्टी दाबली की पहिल्या दिवशीही शुद्ध स्वर मिळतो, तर सनईत पहिले अनेक आठवडे केवळ चिरका आवाज निघतो आणि तो घराच्या चार भिंतींत कोंडून ठेवता येत नाही. तिसरे कारण पत्तीचे. सनईच्या पत्तीसाठी नावाजलेले नरकट हे गवत बिहारमध्ये डुमराव परिसरात, सोन नदीच्या काठी मिळते. सनईला दोऱ्याने लटकत असणाऱ्या जादा पत्त्या आणि पत्तीचे तोंड उघडण्याची सुई पाहिली की या वादकाची निम्मी विद्या तिथेच आहे हे ध्यानात येते. ती विद्या घराण्याबाहेर फारशी शिकवली गेली नाही.

सनईच्या लोकप्रियतेच्या इतिहासात सिंधुदुर्गाचा एक मोठा वाटा आहे, जो जिल्ह्यातच पुरेसा आठवला जात नाही. संगीतकार वसंत देसाई यांचा जन्म १९१२ मध्ये कुडाळजवळील सोनवडे गावी, तत्कालीन सावंतवाडी संस्थानात झाला. प्रभात कंपनीत घडलेल्या आणि ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’ यांसारख्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या देसाईंकडे १९५९ मध्ये विजय भट्ट दिग्दर्शित ‘गूँज उठी शहनाई’ हा चित्रपट आला. त्याचा नायक सनईवादक होता, आणि पडद्यावरील नायकासाठी प्रत्यक्ष सनई वाजवली ती उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी. मैफलीच्या व्यासपीठावर सनईला सतार-सरोदाच्या बरोबरीने बसवण्याचे श्रेय खाँसाहेबांचे आहे, यात दुमत नाही. पण ज्यांनी कधी मैफल पाहिली नाही अशा लाखो माणसांना सनईच्या मागचा माणूस दाखवला तो या चित्रपटाने, आणि त्याच्या संगीताची सूत्रे सोनवड्याच्या सुपुत्राच्या हाती होती.

खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांनी मात्र एक अनपेक्षित परिणामही घडवला. लग्नमंडपात त्या लावल्या की मंगल वातावरण तयार होते, मग प्रत्यक्ष वादकाला बोलावण्याची गरज भासत नाही. देवळांतही विजेवर चालणारी, बटण दाबताच नगारा आणि घंटा एकदम बडवणारी यंत्रे आली. यंत्राबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण पहाटे उठून नगारखान्यात बसायला माणूस मिळत नाही ही वस्तुस्थिती आहे. तरीही पालखी थांबली की सनईने थांबणे, गर्दी सरकू लागली की लय वाढवणे, प्रहर पाहून राग निवडणे, हे ध्वनिफितीला जमत नाही, आणि विधीचे अर्धे संगीत या थांबण्या-चालण्यातच असते.

घराण्याबाहेर न जाता वाद्य वाढवता येते याचे उदाहरण पुण्यात आहे. शंकरराव गायकवाड यांच्यापासून चालत आलेल्या सनईवादनाच्या परंपरेत आज नम्रता गायकवाड यांच्यासारख्या स्त्री-वादकाने व्यासपीठ मिळवले आहे. सोलापूरकडे सनईहून लहान अशी सुंदरी जाधव घराण्याने जपली आहे. पण हौशी वादकांचा वर्ग तयार होण्यासाठी घराण्याची दारे बाहेरच्यांसाठी उघडावी लागतात, आणि याचा धडा सिंधुदुर्गातच मिळतो. पिंगुळीच्या ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची कला विझत चालली असताना परशुराम गंगावणे यांनी तिचे संग्रहालय उभे करून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवली, शिकवली, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सनईसाठी असे कोणी करू शकणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी घडवणारे, कातकाम जाणणारे हात आहेत. शंकूच्या आकाराची नळी अचूक कोरणे हे खेळण्यापेक्षा अवघड काम आहे खरे, पण शिकाऊ मुलांपुरती स्वस्त सनई तिथे घडवून पाहण्यासारखी आहे.

सुरुवात याहूनही साधी असू शकते. जिथे अजून सनई वाजते अशा देवस्थानांच्या समित्यांनी आपल्या वादकाला जत्रेपुरते मानधन देण्याऐवजी वर्षभराचे द्यावे आणि त्या बदल्यात गावातील कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वयाच्या इच्छुकाला त्याने शिकवावे असे ठरवावे. भजनी मंडळांनी आपल्यातल्या एकाला त्याच्याकडे पाठवावे, कारण तालाची आणि रागाची जाण त्या माणसाला आधीच असते, उणीव असते ती केवळ ओठांच्या सरावाची. शिकणाऱ्याने प्रथम सूर धरावा, मग सनई घ्यावी, हा जुनाच क्रम उत्तम आहे. येत्या जत्रेच्या सभेत हा विषय कोणीतरी मांडावा.