ढोकी येथील कावळ्यांची मर

सन २०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात ढोकी येथे कावळे मरून पडू लागले. बैल दुखणाईत झाला तर घरधनी रात्र जागून काढतो. कावळ्याची आठवण मात्र आपणांस पितृपंधरवड्यातच होते. तरीही मेलेल्या कावळ्यांची तपासणी झाली व त्यांस बर्ड फ्लू झाल्याचे निश्चित झाले. सभोवारचा दहा किलोमीटरांचा टापू सतर्कतेचा म्हणून जाहीर करण्यात आला. त्याच वर्षी जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीर येथेही कावळे असेच मेले होते.

आता हे वर्तमान कोणाकडे जावयास हवे? सन २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये रोगी जनावराची खबर गावच्या अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस देण्याचे बंधन मालकावर किंवा ज्याच्या ताब्यात ते जनावर असेल त्याच्यावर आहे. तेथून ती पशुवैद्याकडे जावी, अशी योजना. पण कावळ्यास मालक कोठला? उकिरड्यावरची मेलेली कोंबडी तो टोचतो व तोच आपल्या परड्यात येऊन पाणी पितो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. हा रोग पक्ष्यांपासून क्वचित माणसासही जडतो. १९९७ साली हाँगकाँगमध्ये अठरा जणांस तो झाला व त्यांपैकी सहा दगावले. आरंभी ताप, खोकला, घसादुखी. डॉक्टरांनी ते साधे पडसे समजावे, यात त्यांचा दोष तो काय? रोग्याने मेलेली कोंबडी उघड्या हातांनी उचलली होती, हे त्यांस कोणी सांगितलेलेच नसते. गुरांच्या दवाखान्यातील वार्ता त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात पोचली, तर तोच ताप ते निराळ्या दृष्टीने पाहतील. या रोगावरील औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते, म्हणून ही घाई.

सरकारदरबारी या सहकार्यास सांप्रत ‘वन हेल्थ’ असे नाव आहे. नाव नवे असले तरी काम जुनेच आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिली बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा कोंबड्या नष्ट करणे व घरोघर तापाचे रोगी शोधणे ही दोन्ही कामे बरोबरच चालली होती.

शेतकरी बांधवांनी मेलेल्या पक्ष्यास हात लावू नये, मुलांस लावू देऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे व तोच निरोप आरोग्य केंद्रातही द्यावा. हात लागलाच असेल आणि पुढील दहा दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांस प्रथम तेच सांगावे. अंडी व कोंबडीचे मांस पुरते शिजविले असता भय नाही. ते खाणे सोडून कुक्कुटपालकांचे नुकसान करण्याचे कारण नाही.