नाडी पाहण्याआधी माणूस पाहा

आमच्या शेजारच्या एक आजी. वय सत्तरीच्या पुढचे. सारे आयुष्य गिरणगावात गेले. नवरा गिरणीत होता, त्यांनी स्वतः चार घरची धुणीभांडी करून मुले वाढवली. साखरेचा आजार निघाला म्हणून नातवाने त्यांना एका मोठ्या रुग्णालयात नेले. पहाटे उठून केसपेपर काढला, तीन तास रांगेत बसल्या, नंबर लागला आणि दोन मिनिटांत गोळ्या लिहून मिळाल्या. महिन्याने पाहावे तो निम्म्या गोळ्या तशाच पडलेल्या! नातू रागावला. आजी शांतपणे म्हणाल्या, "बाबा, त्या पोरानं मान वर करून माझ्याकडं बघितलं न्हाई. 'ए म्हातारे, तुम्हा लोकांना कितीदा सांगायचं?' म्हनला. त्याचं औषद घशाखाली उतरंना."

वाचकहो, रोगनिदान बरोबर होते. औषधही बरोबर होते. तरी उपचार फसला. तो फसला 'तुम्हा लोकांना' या दोन शब्दांनी.

एका थर्मामीटरची गोष्ट

हे दुखणे आजचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची पत्नी बाळंत झाली आणि आजारी पडली. गावचा डॉक्टर वस्तीत पाय ठेवायला तयार होईना. गावातील वजनदार माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो वस्तीबाहेर पाहायला कबूल झाला. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने पत्नीला लावला आणि त्याच वाटेने परत केला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पाहून न्यूमोनिया सांगितला. पुढे त्याने तिला पुन्हा पाहण्यास नकार दिला. ती माउली गेली.

त्या डॉक्टरला वैद्यकशास्त्र येत नव्हते काय? येत होते. मग त्याच्या शिक्षणात काय राहून गेले होते? आज जगभरची वैद्यकीय महाविद्यालये हाच प्रश्न स्वतःला विचारू लागली आहेत.

न्यूझीलंडची एक परिचारिका

न्यूझीलंडमध्ये माओरी हे मूळचे रहिवासी. गोऱ्यांच्या राजवटीत त्यांची जमीन गेली, भाषा मागे पडली. इस्पितळात गेले तर तिथेही परकेपणा. माओरी माणूस डोके पवित्र मानतो. उशी डोक्याची, ती पायाखाली घ्यायची नाही. पण कामाच्या घाईत हे कोण विचारणार? इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'सांस्कृतिक सुरक्षितता' हा विचार पुढे आणला. १९९२ साली तेथील परिचारिका परिषदेने तो नर्सिंगच्या शिक्षणात घेतला. पुढे ऑस्ट्रेलियातही आदिवासी रुग्णांच्या संदर्भात तो डॉक्टरांच्या शिक्षणात आला.

या विचाराचे सार सोपे आहे. रुग्णाला आपली भाषा, जात, धर्म, राहणी लपवावी न लागता उपचार मिळाले पाहिजेत. त्यासाठी विद्यार्थ्याने आदिवासींच्या चालीरीतींची यादी पाठ करून भागत नाही. त्याने आधी स्वतःला तपासायचे. मी कोणत्या घरातून आलो? माझ्या मनात कोणते ग्रह आहेत? या खुर्चीने माझ्या हाती किती सत्ता दिली आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रुग्णाला सुरक्षित वाटले की नाही हे डॉक्टरने ठरवायचे नाही. ते रुग्णाने ठरवायचे.

पांढरा कोट आणि पांढरे कफन

आपल्या महाराष्ट्रात हे गडचिरोलीला घडले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ च्या सुमारास तेथे 'सर्च' ही संस्था घेऊन कामाला लागले. आदिवासी इस्पितळात येत नाहीत, हे त्यांनी पाहिले. 'अडाणी लोक' म्हणून हात झटकण्याऐवजी त्यांनी आदिवासींनाच कारण विचारले. उत्तरे ऐकण्यासारखी होती. तुमची इमारत एवढी मोठी की माणूस हरवतो. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. तिथे आमचा देव नाही. आणि तुमचे डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात. आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतो!

आपण बौद्ध माणसे बुद्धपौर्णिमेला स्वच्छ पांढरी वस्त्रे नेसून विहारात जातो. आपल्याला जे शुभ, ते त्यांना कफन. कापड एकच, पण अर्थ दोन! न विचारता हे कसे कळणार?

मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला. रुग्णासोबत घरची माणसे राहू लागली. दवाखान्याला नाव दिले माँ दंतेश्वरीचे. देवीचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावतील. पण तिथे येणारे रुग्ण आदिवासी आहेत, आणि दवाखाना आपला वाटतो की परका, हे त्यांनीच सांगायचे.

परळच्या भूमीत

आपल्या परळलाही या बाबतीत इतिहास आहे. के.ई.एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२५-२६ साली सुरू झाले. तेव्हा देणगीदारांची अट होती की येथे भारतीय डॉक्टरच नेमावेत, कारण सरकारी संस्थांत वरच्या जागा गोऱ्यांना मिळत. म्हणजे हे रुग्णालय अपमानाला दिलेले उत्तर म्हणून उभे राहिले. गोऱ्यांनी केलेला अपमान आपल्या डॉक्टरांना कळला. मग खालच्या बाकावर बसलेल्या रुग्णाचा अपमानही त्यांना कळायला हवा.

२०१९ पासून देशातील एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय आला आहे. डॉक्टर असणे म्हणजे काय आणि रुग्ण असणे म्हणजे काय, येथूनच त्याची सुरुवात होते. सुरुवातीच्या वर्गांत स्थानिक भाषाही शिकवायची आहे. हे स्वागतार्ह आहे. पण गोड बोलायला शिकवले आणि जातीविषयी मौन पाळले, तर काय साधले?

त्याच २०१९ च्या २२ मे रोजी मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातील ही लेक स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला. त्या डॉक्टरांनी तो नाकारला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल न्यायालय देईल. पण त्याआधी २००७ सालीच प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या 'एम्स'मधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव अहवालात मांडला होता. जिथे आदिवासी डॉक्टरच सुरक्षित नाही, तिथे आदिवासी रुग्णाने कुणाच्या भरवशावर जावे?

आपण काय करावे?

रुग्णालयात जाताना मान खाली घालून जाऊ नका. औषध कळले नाही तर 'डॉक्टर, पुन्हा सांगा' असे निःसंकोच म्हणा. अपमान झाल्यास तारीख, वेळ आणि वॉर्ड लिहून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षक किंवा अधिष्ठाता यांच्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. जातीवरून शिवीगाळ झाली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण औषध मात्र सोडू नका. डॉक्टरवरचा राग आपल्या देहावर काढू नका.

आणखी एक गोष्ट घरातल्या घरात बोलायची आहे. आज आपल्या चाळींतून मुले-मुली डॉक्टर होत आहेत, परिचारिका होत आहेत. आईबापांनी त्यांना एवढेच विचारावे: बाळ, आज पालघरची वारली बाई आली होती, तिला तू 'अहो' म्हणालीस की 'ए'? बिहारच्या मजुराचे पूर्ण ऐकलेस का? थर्मामीटर दुरून देणाऱ्या डॉक्टरची गोष्ट आपण विसरलो आणि आपणच कुणाला 'तुम्हा लोकांना' म्हणालो, तर बाबासाहेबांनी ती हकिकत कुणासाठी लिहून ठेवली?

शेजारच्या आजींना नातवाने दुसऱ्या डॉक्टरकडे नेले. त्या डॉक्टर बाईंनी आधी विचारले, "आजी, जेवलात का?" आजींच्या गोळ्या आता वेळेवर चालू आहेत.