गाडी किती, ड्रायव्हर किती? निवडीचं गणित आणि आपलं संशोधन

आधी एक छोटं कोडं. २०१९ सालची फॉर्म्युला ३ स्पर्धा घ्या. दहा संघ, प्रत्येकाच्या तीन गाड्या. मोसम संपला तेव्हा पहिला होता रॉबर्ट श्वार्ट्झमन, दुसरा मार्कस आर्मस्ट्राँग आणि तिसरा मुंबईचा जेहान दारुवाला. बराच खाली, नवव्या क्रमांकावर युकी त्सुनोदा, अकराव्यावर लियाम लॉसन आणि पार एकोणिसाव्यावर लोगन सार्जंट.

आता सांगा, या सहांपैकी फॉर्म्युला वनची शर्यत कोणाला मिळाली?

उत्तर उलटं आहे. नववा, अकरावा आणि एकोणिसावा, हे तिघं पोचले. पहिल्या तिघांपैकी एकालाही फॉर्म्युला वनची एकसुद्धा शर्यत सुरू करायला मिळाली नाही.

पहिली प्रतिक्रिया काय येते? "म्हणजे वशिला!" किंवा "पैसा बोलतो." थोडं तेही आहे, त्यावर पुढे बोलू. पण घाई करू नका. हे कोडं मी निवडलं ते शर्यतींच्या वेडापायी नाही. संशोधनाला सुरुवात करताना आपण सगळेच जी एक चूक करतो, ती या उदाहरणात अगदी स्वच्छ दिसते. समोर एक आकडा असतो आणि तो आकडा नेमकं काय मोजतो हे विचारायच्या आधीच आपण निष्कर्ष काढून मोकळे होतो.

आधी व्यवस्था समजून घेऊ

फॉर्म्युला वनमध्ये २०२५ पर्यंत दहा संघ आणि वीस ड्रायव्हर होते. २०२६ पासून अकरा संघ आणि बावीस जागा. अख्ख्या जगासाठी एवढ्याच. तिथवर जायची शिडी साधारण ठरलेली आहे: लहानपणी कार्टिंग, पंधराव्या वर्षापासून फॉर्म्युला ४, मग रीजनल, फॉर्म्युला ३, फॉर्म्युला २. शिवाय 'सुपर लायसन्स' लागतं. २०१६ पासूनचा नियम असा की वय साधारणपणे किमान अठरा हवं आणि तीन वर्षांत खालच्या स्पर्धांमधून चाळीस गुण जमवलेले हवेत. फॉर्म्युला २ मध्ये पहिल्या तिघांत आलात की हे चाळीस एका फटक्यात मिळतात.

ही शिडी भयंकर महाग आहे. म्हणून मोठे संघ बारा-पंधरा वर्षांची मुलं हेरतात, करारात बांधतात, खर्चाचा काही किंवा सगळा भार उचलतात, सिम्युलेटरवर बसवतात, मानेचे व्यायाम करून घेतात, पत्रकारांशी कसं बोलायचं हेसुद्धा शिकवतात. याला म्हणतात ज्युनिअर प्रोग्रॅम. रेड बुलने स्वतःचा प्रोग्रॅम २००१ मध्ये सुरू केला. हेल्मुट मार्को हे २०२५ पर्यंत त्याचे सर्वेसर्वा होते, आणि मुलांना झटपट वर चढवणं व तितक्याच झटपट काढून टाकणं यासाठी प्रसिद्ध. फेरारीची अकादमी २००९ ची. मॅक्लारेन आणि मर्सिडीजने लुईस हॅमिल्टनला १९९८ मध्ये, तो तेरा वर्षांचा असताना, करारबद्ध केलं होतं.

पूर्वी मुलांना खऱ्या गाडीवर भरपूर सराव देता यायचा. २००९ पासून मोसम चालू असताना ट्रॅकवरच्या चाचण्यांवर कडक बंधनं आली आणि सिम्युलेटरचं महत्त्व वाढलं. नवोदितांना खरी गाडी मिळावी म्हणून २०२२ पासून प्रत्येक संघाला वर्षातून दोन सराव सत्रांत नवा ड्रायव्हर बसवणं सक्तीचं झालं, २०२५ पासून ते चार झालं.

म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्या हातात काय असतं? थोडी सत्रं, सिम्युलेटरचा डेटा, आणि खालच्या स्पर्धांतले क्रमांक. यातला क्रमांक हा सगळ्यांना दिसणारा आकडा. गडबड तिथेच आहे.

क्रमांक कोणाचा? मुलाचा की संघाचा?

कोड्यात मी एक गोष्ट मुद्दाम लपवली होती. २०१९ मधले पहिले तिघं, श्वार्ट्झमन, आर्मस्ट्राँग आणि दारुवाला, एकाच संघाचे होते: इटलीचा प्रेमा. त्सुनोदा येन्झर या छोट्या संघात होता.

तुम्ही म्हणाल, फॉर्म्युला ३ मध्ये तर सगळ्यांना सारखीच गाडी असते! बरोबर. चॅसी सारखी, इंजिन सारखं, टायर सारखे. पण सारखी गाडी म्हणजे सारखा वेग नाही. सस्पेन्शन कसं बसवायचं, टायर कसे तापवायचे, कालच्या डेटामधून आज काय बदलायचं, हे इंजिनिअर ठरवतात आणि इंजिनिअर संघागणिक वेगळे. दोन लॅबमध्ये एकाच कंपनीचं एकच मशीन असतं, तरी एका लॅबचा डेटा सुरेख येतो आणि दुसरीचा नाही, तसंच हे.

आता २०२० बघा. दारुवाला आणि त्सुनोदा दोघंही रेड बुलचे ज्युनिअर, दोघंही फॉर्म्युला २ मध्ये, आणि दोघंही एकाच संघात: कार्लिन. निकाल? त्सुनोदा तिसरा, दारुवाला बारावा. वर्षभरापूर्वी क्रमांक तिसरा आणि नववा होता, तोही उलट बाजूने. त्याच वर्षी सार्जंट फॉर्म्युला ३ मध्येच राहिला, पण प्रेमामध्ये गेला. एकोणिसाव्याचा थेट तिसरा झाला.

संशोधनाच्या भाषेत, 'संघ' हा इथे कन्फाउंडर आहे. आपल्याला 'कौशल्य' आणि 'क्रमांक' यांचा संबंध हवाय, पण मध्ये तिसरा घटक बसलाय जो दोन्हीकडे हात घालतो. चांगला संघ क्रमांक वाढवतो हे एक. दुसरं म्हणजे चांगला संघ मुळात चांगली मुलंच निवडतो. म्हणून "प्रेमामध्ये गेला म्हणून जिंकला" हेही सिद्ध होत नाही! सार्जंटचं सुधारणं संघामुळे, की दुसऱ्या वर्षाच्या अनुभवामुळे? दोन्ही गोष्टी एकदमच बदलल्या, त्यामुळे त्या एका उदाहरणावरून वेगळं काढता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की श्रेय वाटता येत नाही.

मग तुलना करायची कशी?

शर्यतीच्या जगात याचं जुनं, व्यवहारी उत्तर आहे: सहकाऱ्याशी तुलना. एकच संघ, तीच गाडी, तोच ट्रॅक, तोच दिवस. उरतो तो फरक बहुतांशी दोन माणसांमधला. म्हणूनच २०१९ च्या तिसऱ्या क्रमांकापेक्षा २०२० ची कार्लिनमधली तुलना निवड करणाऱ्यांच्या दृष्टीने जास्त बोलकी ठरते.

पण सगळे सगळ्यांचे सहकारी नसतात ना? तिथे साखळी उपयोगी पडते. 'अ' आणि 'ब' एका संघात, पुढच्या वर्षी 'ब' आणि 'क' दुसऱ्या संघात. मग 'ब'च्या पुलावरून 'अ' आणि 'क' यांची तुलना करता येते. ड्रायव्हर संघ बदलत राहतात म्हणूनच हे शक्य होतं.

ही कल्पना पद्धतशीर वापरणारा एक अभ्यास जरूर वाचा. शेफील्ड विद्यापीठाचे अँड्र्यू बेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १९५० ते २०१४ पर्यंतच्या फॉर्म्युला वन निकालांवर बहुस्तरीय मॉडेल चालवलं. ड्रायव्हर, संघ आणि त्या-त्या वर्षातला संघ, असे निकालातल्या फरकाचे वाटे पाडले. निष्कर्ष असा की संघाचा वाटा ड्रायव्हरपेक्षा मोठा आहे आणि काळाबरोबर तो वाढत गेलाय. पावसात आणि शहरी रस्त्यांवरच्या ट्रॅकवर मात्र संघाचं महत्त्व कमी होताना दिसतं. गाडीचा वाटा वजा केल्यावर सर्वोत्तम कोण? हुआन मॅन्युएल फांजिओ. लेखकांचं म्हणणं असं की ही पद्धत खेळापुरती नाही, माणूस आणि संस्था यांचा वाटा वेगळा करायचा असेल तिथे ती चालेल. शिक्षणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, व्यवस्थापन यांत काम करणाऱ्यांनी ही नोंद करून ठेवावी.

घडवलं की निवडलं?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. ज्युनिअर प्रोग्रॅममुळे चॅम्पियन घडतात का?

रेड बुलचा दाखला सगळे देतात. सेबास्टियन फेटल, मॅक्स व्हर्स्टापेन, दोघंही चार-चार वेळा जगज्जेते, दोघंही या प्रोग्रॅमचे. पण बारकाईने बघा. व्हर्स्टापेन रेड बुलकडे आला ऑगस्ट २०१४ मध्ये आणि मार्च २०१५ मध्ये, सतराव्या वर्षी, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला. प्रोग्रॅमच्या हाताखाली जेमतेम काही महिने! त्याआधीची वर्षं वडिलांबरोबर कार्टिंगच्या ट्रॅकवर गेली होती. याउलट हॅमिल्टन करारानंतर नऊ वर्षांनी, २००७ मध्ये उतरला. दोघांची नावं "ज्युनिअर प्रोग्रॅमचं यश" याच खात्यात जमा होतात, पण एकात निवड जास्त दिसते, दुसऱ्यात घडण.

हा घोळ आपल्याला नवा नाही. क्लासबाहेरचा फ्लेक्स आठवा. टॉपरांचे फोटो ओळीने. त्यातले किती जण क्लासमुळे टॉपर झाले आणि किती जणांना टॉपर होणारच म्हणून क्लासने फी माफ करून घेतलं, हे फ्लेक्स सांगत नाही. आणि ज्यांचं झालं नाही त्यांचा फोटोच नसतो.

म्हणून फ्लेक्सवर नसलेल्यांकडे बघायला हवं. ब्रेंडन हार्टलीला २०१० मध्ये रेड बुलने प्रोग्रॅममधून काढलं. त्याने २०१७ मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी रेड बुलनेच त्याला परत बोलावून टोरो रोसोची गाडी दिली. अॅलेक्स आल्बनला २०१२ मध्ये काढलं, २०१९ मध्ये परत घेतलं. म्हणजे काढलेल्यांच्या गटात लायक माणसं होती. असा गट हा संशोधकासाठी खजिना असतो, कारण काठावर राहिलेले आणि काठावरून पडलेले यांच्यात फरक थोडाच असतो. त्यांची पुढची वाटचाल ताडून पाहिली तरच "प्रोग्रॅमने काय दिलं" याच्या जवळ जाता येतं.

दोन शर्यतींचा पुरावा

तिसरा मुद्दा नमुन्याच्या आकाराचा. २०१९ मध्ये पियर गासलीला रेड बुलच्या मुख्य संघातून बारा शर्यतींनंतर उतरवून टोरो रोसोमध्ये पाठवलं. त्याच मोसमात तो ब्राझीलमध्ये दुसरा आला आणि पुढच्या वर्षी मोंझाची शर्यत जिंकला. माणूस तोच, भोवतालचं सगळं वेगळं. २०२५ मध्ये तर लॉसनला मुख्य संघातून दोनच शर्यतींनंतर हलवलं. त्याच्या जागी बसवलेल्या त्सुनोदालाही त्या गाडीत गुणांसाठी झगडावं लागलं. दोन वेगवेगळे ड्रायव्हर एकाच जागी अडखळतात, तेव्हा प्रश्न जागेबद्दलही विचारायला हवा, नाही का?

संघाची बाजूही आहे. त्यांना थांबायला वेळ नसतो, दर शर्यतीला गुण जातात. कमी पुराव्यावर निर्णय घेणं ही त्यांची मजबुरी असेल. पण निर्णय घेणं वेगळं आणि निष्कर्ष सिद्ध होणं वेगळं. संशोधकाला हा फरक विसरून चालत नाही.

आणि वशिल्याचं काय? त्सुनोदामागे होंडा होती आणि तेव्हा रेड बुलच्या गाड्यांना इंजिन होंडाचंच होतं. याचा अर्थ तो वेगवान नव्हता असा नाही, कार्लिनमधला निकाल समोर आहे. अर्थ एवढाच की 'फॉर्म्युला वनला पोचला' हे फलितसुद्धा शुद्ध कौशल्याचं माप नाही. त्यात जागा, पैसा, इंजिन पुरवठादार सगळं मिसळलेलं आहे. दारुवाला २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या 'वन फ्रॉम अ बिलियन' या शोधातून निवडला गेला होता. पुढे फॉर्म्युला २ मधल्या शर्यती जिंकला, रेड बुलच्या प्रोग्रॅममध्ये तीन मोसम काढले आणि शेवटी फॉर्म्युला ई मध्ये उतरला. त्याला 'अयशस्वी' या रकान्यात टाकायचं का? तुमची व्याख्या तसं म्हणत असेल, तर व्याख्या तपासा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

पेटची मुलाखत असो की गाईडसमोरचं पहिलं सादरीकरण, विषय मांडण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा.

एक: मी जे मोजतोय ते नेमकं कोणाचं आहे, माणसाचं की त्याच्या भोवतालचं?
दोन: माझ्या तुलनेतला 'सहकारी' कोण? म्हणजे बाकी सगळं सारखं असलेला दुसरा.
तीन: माझ्या डेटामध्ये कोण दिसतच नाही? गळालेले, नाकारलेले, सोडून गेलेले.
चार: किती 'शर्यतीं'वरून मी बोलतोय?

या चारपैकी एकाचं उत्तर अडलं तर घाबरू नका, तिथेच तुमचा खरा संशोधन प्रश्न असण्याची शक्यता आहे.

आणि हेच गणित स्वतःलाही लावा. बॅचमधल्या कुणाचे दोन पेपर आले आणि आपला एकही नाही म्हणून रात्री झोप उडते, हे मला चांगलं माहीत आहे. तेव्हा फक्त क्रमांक बघू नका. तो कोणत्या संघात आहे, तुम्ही कोणत्या, मशीन कोणाला कधी मिळालं, हेही लिहून काढा. त्यातून आळसाला सबब मिळणार नाही, कारण सहकाऱ्याशी तुलना उरतेच. पण विसाव्या-बाविसाव्या वर्षी एखाद्याच्या नावापुढे 'जमणार नाही' असा शेरा मारताना, मग तो स्वतःच्या का असेना, आकडा नेमकं काय मोजतोय एवढं तरी विचारलं जाईल.