न आलेल्या कराचा हिशेब

घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गावर एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत. आता तिथे मॉल आणि टॉवर आहेत. कारखाने का गेले, असं विचारलं की संप, जागेचे भाव, प्रदूषणाचे नियम ही कारणं पुढे येतात आणि ती खरीच आहेत. त्यांच्या जोडीला राज्याचं एक धोरणही होतं. त्याचा खर्च मात्र कुठल्याच अर्थसंकल्पात नीट दिसला नाही.

१९६४ साली महाराष्ट्राने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात दाटलेले उद्योग मागास तालुक्यांत जावेत, तिथल्या मुलांना गावाजवळ काम मिळावं, हा तिचा हेतू होता. पुढे तालुक्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी झाली, मग ‘ड+’ आणि विनाउद्योग जिल्हेही आले. तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी आणि लांब मुदतीची. अंधेरी, बोरिवली, मुलुंड विकसित पट्ट्यातली, त्यामुळे सवलतींबाहेर. केंद्रानेही १९७७ ते १९९० दरम्यान ग्रामीण भागात सुरू झालेल्या लघुउद्योगांना दहा वर्षं नफ्याच्या वीस टक्क्यांवर आयकर माफ केला होता.

राज्याच्या सवलतींत सर्वांत मोठी होती विक्रीकराची. तिचे दोन प्रकार होते. माफीत गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचाच नाही. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे डिफरलमध्ये, कर घ्यायचा पण सरकारजमा करायचा नाही. १९८३ आणि १९८८ च्या योजनांत ही रक्कम कारखान्याकडे बारा वर्षं बिनव्याजी राहायची आणि मग सहा वार्षिक हप्त्यांत फेडायची होती. मुलुंडच्या दुकानात वस्तू घेणाऱ्याने मोजलेला कर अशा रीतीने एखाद्या दूरच्या कारखान्याचं भांडवल होत असे. सरकारी वहीत तो ‘येणे’ म्हणून राही, त्यामुळे काही बुडालं असं वाटतच नसे.

खरी किंमत एका खटल्यात आकड्यांनिशी समोर आली. राज्याने मुदतीआधी फेडण्याची सोय दिली: भविष्यात द्यायच्या रकमेचं आजचं मोल भरा आणि मोकळे व्हा. सुल्झर इंडिया या कंपनीकडे सुमारे ७ कोटी ५२ लाखांचा कर लांबणीवर टाकलेला होता. तिने सुमारे ३ कोटी ३७ लाख भरले आणि देणं मिटलं. उरलेल्या ४ कोटी १५ लाखांना उत्पन्न समजून आयकर लावता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. या व्यवहारात कोणी लबाडी केली नाही. उशिरा येणाऱ्या पैशाचं मोल कमीच असतं. पण याचा अर्थ असा की अर्ध्याहून अधिक रक्कम मुदत दिली त्याच दिवशी सवलत म्हणून देऊन झाली होती आणि त्यावर विधिमंडळात खर्च म्हणून कधी मतदान झालं नव्हतं.

मग ही सवलत वाया गेली का? सरसकट तसं म्हणता येणार नाही. बोरिवली पूर्वेची टाटा स्टीलची सुमारे २५ एकर जमीन २०१४ मध्ये ओबेरॉय रियल्टीने १,१५५ कोटींना घेतली. जमिनीला असा भाव येतो तिथे कारखाना हलवायला करमाफीची गरज काय? जो उद्योग तसाही बाहेर पडणार होता, त्याला दिलेली सवलत ही निव्वळ भेट. गडचिरोलीत मात्र सवलतीशिवाय कोणी शेड उभारणार नाही, आणि तिथे न आलेला कर ही मला सार्थ गुंतवणूक वाटते. दोन्ही ठिकाणची बुडालेली रक्कम एकाच बेरजेत टाकली की फरक दिसेनासा होतो.

त्यातच सवलती देणारे शेजारी प्रदेशही होतेच. द्रुतगती महामार्गाने निघालं की काही तासांत सिल्वासा. तिथे तेव्हा विक्रीकर माफ होता आणि नव्या कारखान्याला पहिली पाच वर्षं नफ्यावर आयकरही माफ होता. उपनगरातल्या गाळ्यांत वाढलेल्या अनेक लघुउद्योजकांनी तोच रस्ता धरला. अशा वेळी राज्याने वाड्यात किंवा विक्रमगडात कितीही सूट दिली तरी चढाओढीत सगळ्यांचाच महसूल घटे. ती थांबवण्यासाठी १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं: १ जानेवारी २००० पासून विक्रीकरावर आधारित नव्या सवलती बंद.

न आलेल्या कराचा हिशेब मांडता येतो: केंद्र सरकार २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून बुडालेल्या महसुलाचं विवरण मांडतं. त्यात गृहीत असं की सवलत काढली तरी उद्योगाचं वागणं बदलणार नाही. म्हणजे ते कमाल मर्यादेजवळचं माप झालं. तरीही ते असणं मोलाचं, कारण आकडा समोर असेल तरच त्यावर भांडता येतं.

जीएसटी आल्यावर २०१७ पासून राज्याला एकेका कारखान्यापुरता कर माफ करता येत नाही. कारखाना कर भरतो आणि पात्र असेल तर राज्य आपल्या वाट्याचा परतावा अनुदान म्हणून देतं. जे पूर्वी वहीत ‘येणे’ होतं ते आता उद्योग विभागाचा रोख खर्च झालं आहे. हे धोरण चालू राहावं असंच मला वाटतं. पण परतावा कोणत्या तालुक्यात, कोणत्या कारखान्याला, किती वर्षं मिळाला आणि त्यातून स्थानिक किती माणसं कामाला लागली, याची यादी दर वर्षी अर्थसंकल्पासोबत सभागृहाच्या पटलावर यायला हवी. मुलुंडचा आमदार आणि मोखाड्याचा आमदार दोघांनाही ती वाचून प्रश्न विचारता आले पाहिजेत.