अडलेले कुलूप आणि माझी शिसपेन्सिल

आमच्या घरी एक जुनी मोटारसायकल आहे. आण्णा रोज पहाटे तिला दोन कॅन बांधून दूध डेअरीवर पोचवतात. रस्ता कच्चा आहे. त्यामुळे हँडलवर धूळ बसते. ती किल्लीच्या भोकातही जाते.

दिवाळीनंतर किल्ली अडू लागली. आजी दाराच्या बिजागरीला खोबरेल तेल घालते, ते मी पाहिले होते. म्हणून मी कोणाला न विचारता किल्लीच्या भोकात खोबरेल ओतले. किल्ली झकास फिरू लागली. मला वाटले, मी मिस्त्रीच झालो!

पुढे पौषात कडाक्याची थंडी पडली. एका पहाटे किल्ली आत गेली, पण फिरेना. आण्णांनी जोर लावला. मग पक्कड आणली. किल्ली वाकली. तोवर डेअरीची गाडी निघून गेली. दूध घरीच राहिले. आईने थोडे विरजले, थोड्याचा खवा केला. आण्णा काही बोलले नाहीत. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागले नाही.

दुपारी मिस्त्रीकाका आले. ते म्हणाले, "भाऊ, कुलपाशी ताकद लावू नये. किल्ली आत तुटली म्हंजे काम वाढतं."

त्यांनी आधी हँडल जरा इकडेतिकडे हलवले. हँडल लॉक केलेले असले, की कधी कधी त्याच्या ताणानेही किल्ली अडते. पण तसे नव्हते. मग त्यांनी वाकडी किल्ली हळूच काढली आणि पेटीतली दुसरी किल्ली लावून पाहिली. किल्लीचे दात झिजले असतील तर दुसरी किल्ली चालते. तीही फिरेना. म्हणजे दोष कुलपातच होता.

काकांनी मला कुलूप समजावून सांगितले. कुलपात एक गोल भाग असतो. तो किल्लीबरोबर फिरतो. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना पट्ट्यांची टोके बाहेर येऊन खाचेत अडकतात. बरोबर किल्ली घातली की तिच्या दातांमुळे सगळ्या पट्ट्या आत सरकतात आणि गोल भाग फिरतो. एक जरी पट्टी चिकटली तरी कुलूप अडते.

मग त्यांनी बॅटरीची वजा खुणेची वायर काढली. कारण साफ करायचा स्प्रे पेट घेऊ शकतो, जवळ ठिणगी नको. स्प्रेची बारीक नळी भोकात धरून फवारले. किल्ली पुष्कळदा आतबाहेर केली आणि दर वेळी फडक्याने पुसली. फडक्यावर काळा चिखल आला! काकांनी वास घेतला. "खोबरेल कुणी घातलं?"

मी मान खाली घातली. म्हणालो, "आण्णा, मी घातलं."

आण्णा म्हणाले, "आदी इचारायचं, बाळा." एवढेच.

फडके स्वच्छ निघेपर्यंत काकांनी धुतले आणि कुलूप वाळू दिले. मग म्हणाले, "आण तुझी शिसपेन्सिल." त्यांनी किल्लीच्या दातांवर पेन्सिल घासली आणि किल्ली आतबाहेर केली. शेवटी वायर जोडली. किल्ली फिरली. गाडी सुरू झाली!

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले, की शिसपेन्सिलीत शिसे नसते. ग्रॅफाइट आणि माती असते. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवर घसरतात, म्हणून ते कोरडे वंगण आहे. त्यावर तेलासारखी धूळ चिकटत नाही. पण ग्रॅफाइटमधून वीज वाहते, आणि या कुलपाच्या खाली वायरी असतात. म्हणून ते अगदी थोडेच वापरावे. खोबरेल तर सुमारे २४ अंशांखाली गोठू लागते. म्हणूनच पौषात पट्ट्या चिकटल्या.

तर मित्रांनो, लक्षात ठेवा :

१. अडलेल्या किल्लीवर जोर लावू नका.
२. दुसरी किल्ली लावून पाहा.
३. कुलपात खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका.
४. आधी साफ करावे, मग वंगण द्यावे. हे काम मोठ्या माणसांनी करावे.
५. चूक झाली तर लवकर सांगा. मी आधीच सांगितले असते, तर दूध डेअरीवर पोचले असते.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी