स्टीललाही गंज चढतो

दातांच्या डॉक्टरांच्या ट्रेमधली अवजारं एकाच स्टीलची वाटतात, पण तशी नसतात. कात्री, दात काढायची पक्कड यांना कडकपणा हवा. म्हणून त्यांचं पोलाद तापवून झटकन थंड करतात. त्यात क्रोमियम साधारण १३ टक्के. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, पृष्ठभागावर अदृश्य पापुद्रा तयार होतो आणि तोच गंज रोखतो. मात्र अवजारावर रक्त वाळू दिलं, तर त्यातले क्षार हा पापुद्रा फोडतात आणि बारीक खड्डे पडतात. म्हणून वापरानंतर लगेच धुवायचं, बिजागरी उघडून घासायची, मगच १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करायचं. धुण्याचं हे काम दुय्यम मुळीच नाही: चिकटलेल्या घाणीखाली वाफ पोचत नाही. काही अवजारांत तर नुसतं पोलादही नसतं: कात्रीची मूठ सोनेरी असेल, तर बहुधा तिच्या धारेवर टंगस्टन कार्बाइड बसवलेलं असतं.